शाबूत कल्हई

१

डब्याच्या आतली कल्हई शाबूत होती.

काचेच्या कपाटात तो पितळी डबा ठेवला होता आणि झाकण काढून शेजारी उताणं. बाहेरून डबा कुठे काळा, कुठे तपकिरी पडला होता, बुडाशी निळसर झाक होती. आतून मात्र काठापासून तळापर्यंत एकसारखा पांढरा. एकही ओघळ नाही. तळाशी बाजरीचे दाणे होते. मी मोजले. अकरा. त्यांतल्या चारांना किड्यांनी भोकं पाडली होती.

हे सगळं मी आधी पाहिलं आणि डब्यावरचं नाव नंतर वाचलं. पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करून मला हीच सवय लागली आहे. बाटलीवरची चिठ्ठी वाचण्याआधी बाटलीत काय आहे ते पाहायचं.

नाव ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं होतं : मुरारी तात्याबा, चिंचवड, १९४१.

हा डबा आमच्या वडिलांनी दिलेला. माझ्या थोरल्या बहिणीच्या, सुमनताईच्या, लग्नात जावयाला. नाव घालताना मी तांबटाच्या दुकानात वडिलांच्या शेजारी उभी होते.

कपाटात एक पुठ्ठ्याचं कार्ड टेकवलेलं होतं. '१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीत झालेल्या स्फोटातून मिळालेला जेवणाचा डबा.'

"दादाचा डबा," लक्ष्मणराव म्हणाले. ताईचे धाकटे दीर. मोठ्या आवाजाचा माणूस. पण हे शब्द त्यांच्या तोंडून कसेबसे निघाले.

तात्याबा, म्हणजे ताईचे सासरे, कार्ड वाचून घेऊन भिंतीकडेच्या बाकावर बसले. डोक्यावरचं पागोटं काढून त्यांनी मांडीवर घेतलं. "डबा घावला, म्हंजी मानूस गेला," ते म्हणाले. "संपलं."

बाहेर पाऊस पडत होता. बंदरात कुठल्यातरी बोटीने लांब भोंगा दिला आणि कपाटाची काच बारीक थरथरली. ताईने काचेला लावलेला तळहात काढून घेतला. वाफेचा ठसा क्षणभर राहिला आणि विरून गेला. मग तिचा तोच हात हळूहळू कपाळाकडे जायला लागला. कुंकवाकडे.

मी तिचं मनगट धरलं.

"थांब, ताई. आत्ता नको."

कल्हई म्हणजे कथील, आणि कथील दोनशे बत्तीस अंशांना वितळतं. चुलीवर रिकामं भांडं विसरलं तरी कल्हईचे ओघळ तळाशी जमतात, हे कुठल्याही घरातल्या बाईला ठाऊक असतं. गोदी त्या वेळी दिवसच्या दिवस जळत होती.

हा डबा त्या आगीत कधी नव्हताच.

२

मुरारीराव गोदीत माल मोजणारे कारकून होते. माझगावात खोली करून राहायचे, पंधरा दिवसांनी चिंचवडला यायचे. चव्वेचाळीसच्या एप्रिलात एका सोमवारी ते मुंबईला परत गेले, शुक्रवारी स्फोट झाला. तात्याबा आठ दिवस मुंबईत इस्पितळं धुंडाळत फिरले. अंगठी नाही, चप्पल नाही, काही मिळालं नाही.

ताई तेव्हा वीस वर्षांची होती. ती सासरीच राहिली. बारा वर्षं रोज सकाळी कुंकू लावत आली, आणि बारा वर्षं आळीतल्या बायका हळदीकुंकवाला तिला बोलवावं की नाही याचा विचार करत आल्या.

यंदा चैत्रात बारा वर्षं भरली. भटजींनी सांगितलं की, बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची. मग पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला त्या माणसाचं नाव द्यायचं, जाळायचा, आणि पुढचे दिवस करायचे. तात्याबांनी ऐकून घेतलं आणि एकच अट घातली. "सुनंच्या तोंडून व्हय आल्याबिगर मी जाळ लावायचा न्हाई."

ताई हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. चैत्र गेला, ज्येष्ठ गेला. थोरल्याचा निकाल लागत नाही म्हणून धाकट्याचं लग्न अडलेलं होतं. सगळं घर तिच्या तोंडाकडे पाहत होतं आणि ती भाकऱ्या थापत होती.

मुंबईला येण्याचा हट्ट ताईच्या सासूबाईंचा, तानाबाईंचा. मी त्यांना मावशी म्हणते. त्यांचं सगळं आयुष्य चिंचवडची शेतं आणि रावेतला बहिणीचं घर एवढ्यात गेलेलं. आषाढात एक दिवस एकाएकी म्हणाल्या, "मला मुंबईचा अजबखाना दावा. मग डोळं मिटलं तरी चालंल."

"मुंबादेवी सोडून अजबखाना?" लक्ष्मणराव हसले. "आई, तुला पेंढा भरलेला वाघ बघायचाय होय?"

"देवी हितंबी हाय," मावशी म्हणाल्या. "अजबखाना हितं न्हाई."

म्हणून रविवारी पहाटे आम्ही पाचजण चिंचवडला पॅसेंजरमध्ये बसलो. निघताना थोडी खटपट झाली, ती सांगायला हवी. शेजारच्या गोजाबाईंची वाटी परत करायची होती. आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. ताईने वाटीत चिमूटभर साखर घातली. आमच्या माहेरी तशीच पद्धत. मावशींनी ती साखर डब्यात परत ओतली आणि वाटीत बाजरीचे दाणे टाकले.

"पंधरा वर्सं झाली सांगतीया," त्या म्हणाल्या. "साखरंला मुंग्या येत्यात. दाना टाकावा."

"आत्याबाई, दाण्याला किडे लागतात," ताई म्हणाली.

"किडं लागंस्तवर कोन वाटी तशी ठेवतंय?"

मुंबईत सकाळी राणीच्या बागेतलं संग्रहालय पाहिलं. मातीची बोटभर माणसं, त्यांचे बाजार, त्यांची लग्नं. मावशींनी काचेतून नीट पाहिलंही नाही. "दुसरा अजबखाना हाय म्हनं. बंदराकडं," त्या म्हणाल्या. "बाजारात एक बाई सांगत हुती."

विचारत विचारत आम्ही इथे आलो. एका जुन्या वखारीचा वरचा मजला. खाली जिन्यात पावसाचं पाणी शिरलेलं, दिवा नाही, खाऱ्या लाकडाचा वास. तात्याबा पुढे होते. मागून मावशी म्हणाल्या, "दमानं. तिसरी पायरी खचलीया."

ती खचलेलीच होती.

३

संग्रहालयात आमच्याशिवाय एकच माणूस होता, तिथला पहारेकरी भिमाजी. खाकी कोट, हातात फडकं. तो काचा पुसत होता आणि दमट हवेने त्या पुन्हा धुरकट होत होत्या.

बाकीचे अजून कपाटाशीच उभे होते. मी त्याला बाजूला नेलं.

"हा डबा कुणी दिला?"

"गेल्या श्रावणात एक बाई आल्या होत्या. चिंब भिजलेल्या. नाव सांगेनात. साहेबांनी वहीत लिहून घेतलं, अंगठा घेतला."

"दिसायला कशा होत्या?"

"पदर तोंडावरून घेतलेला. पावसात सगळ्या बायका सारख्याच दिसतात हो."

"स्फोटात सापडला असं त्यांनी सांगितलं?"

भिमाजीने फडकं पिळलं. विचार केला. "नाही. म्हणाल्या, गोदीतल्या माणसाचा डबा आहे, तो गोदीपाशीच राहू द्या. काळा पडलेला पाहून साहेबच म्हणाले की हा आगीतला."

"आणि हे दाणे?"

"आलेल्या वस्तूतलं काही काढायचं नाही, अशी साहेबांची शिस्त आहे. दाणे तर दाणे."

म्हणजे कुणीतरी बाई होती. किंवा कुणीतरी पाठवलेली बाई. मी चौघांकडे पाहिलं. डबा आगीत नव्हता, तर तो बारा वर्षं कुणाकडे होता? आणि ज्याच्याकडे डबा होता, त्याला मुरारीरावांचं काय झालं ते ठाऊक होतं.

लक्ष्मणराव खिडकीशी विडी ओढत उभे होते. या प्रकरणाचा निकाल लागावा अशी सगळ्यांत निकड त्यांना होती. लपवून ठेवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता, पण निकड स्वभाव बदलते.

"गेल्या श्रावणात तुम्ही मुंबईला आला होतात," मी म्हटलं.

"आलो होतो. कंपनीने मशीनचा पार्ट आणायला पाठवलं होतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय शास्त्रीणबाई, आता माझा अंगठा घेणार का?"

"अंगठा बाईचा आहे."

"मग सुटलो." ते हसायला गेले आणि थांबले. "इंदुताई, खरं सांगू? माझं लग्न व्हावं म्हणून दादा मेलेला निघावा, असं माझ्या मनात कितीदा आलंय. त्याची शिक्षा म्हणून आज हे दिसतंय. पण डबा मी नाही आणला. मी आणला असता तर मला आत्ता घाम फुटला नसता."

त्यांची विडी ओली होऊन विझली होती आणि ते ती तशीच ओढत होते.

ताई एका बुटक्या कपाटापुढे उभी होती. आत बरण्यांमध्ये मासे ठेवलेले, पिवळट पाण्यात, डोळे उघडे.

"ताई, या डब्याला शेवटची कल्हई कधी लावली होती?"

ती मोठ्या मुश्किलीने माझ्याकडे वळली. "त्याच्या आधीच्या दिवाळीला. चैत्रापर्यंत निघत आली होती. या खेपेला आले की लावून घेऊ, म्हणाले होते." जरा वेळाने तिने विचारलं, "का गं?"

"मग सांगते."

दालनाच्या टोकाला एक माणूस उभा होता. मला तो आधी दिसलाच नव्हता. काळा कोट, टोपी, हातात हिशेबाची पाटी. जवळ गेल्यावर कळलं, प्लास्टरचा आहे. गोदीतला कारकून. काचेचे डोळे, आणि छपराच्या गळतीचं पाणी त्याच्या गालावरून ओघळत होतं. त्याच्यापुढे मावशी उभ्या होत्या. डब्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. त्या या पुतळ्याकडे पाहत होत्या.

"भाऊ," त्यांनी भिमाजीला हाक मारली, "ह्यो जित्त्या मानसावरनं केलाय का मेलेल्या?"

"जिवंत माणसाला समोर बसवून करतात, आजी."

"मग त्या मानसाला काय हुत न्हाई?"

"काय व्हायचंय?"

ताई माझ्यामागून आली होती. ती पुतळ्याच्या कोटाकडे बघत राहिली.

"इतका उकाडा असतो मुंबईत," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "चैत्रात कोट कोण घालतं?"

मावशींनी चटकन तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत मला भीती दिसली, आणि ती भीती मेलेल्या माणसाची नव्हती.

४

परतीच्या गाडीने कल्याण मागे टाकलं. तिसऱ्या वर्गाच्या समोरासमोरच्या दोन बाकांवर आम्ही पाचजण. खिडक्यांच्या फळ्या ओढून घेतल्या होत्या. तरी फटींतून पाणी येत होतं. मी पिंपरी कॅम्पातल्या सिंध्याच्या दुकानातली बिस्किटं काढली. कुणी घेतली नाहीत.

नेरळ गेल्यावर तात्याबांनी पागोटं पुन्हा डोक्यावर ठेवलं.

"परवा भटाला बलावतो," ते म्हणाले. "आता पुरावा घावलाय. सूनबाई, आता तरी व्हय म्हन."

ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. सोडत होती. पुन्हा गुंडाळत होती. तिने तोंड उघडलं. ती हो म्हणणार होती. मला तिच्या खांद्यांवरून कळलं, ते एकदम खाली गेले होते.

मला बोलायचं नव्हतं. माझं सांगणं बरोबर आहे याची मला खात्री होती, आणि ते सांगितल्यावर या घरात काय उरेल याची नव्हती. पण खोट्या पुराव्यावर माझ्या बहिणीने कुंकू पुसायचं, हे मला पाहवणार नव्हतं.

"तो पुरावा नाही, तात्या," मी म्हणाले.

गाडीच्या आवाजात मला जोरात बोलावं लागलं. मी कल्हईचं सांगितलं. आगीत पहिल्यांदा ती गेली असती. शिवाय ताईने लावून घेतलेली कल्हई तेव्हाच निघत आली होती. आता आहे ती नवीन आहे, वर्ष-दीड वर्षाची.

"मग बाहेरून काळा कशानं?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

"कल्हईवाल्याच्या भट्टीने. तो भांडं निखाऱ्यावर धरतो, ते बाहेरून काळंच होतं. आपण घरी आणून चिंचेने, राखेने घासतो. हा डबा कुणी घासला नाही. घरी नेऊन घासायची सोय नव्हती. कुणी पाहिलं असतं."

"पर ज्याला लबाडी करायची, त्यो कल्हई कशाला लावंल?" तात्याबा म्हणाले.

"त्याचाच मी दोन तास विचार करत होते. लबाडी करणारा पुरुष कल्हई लावणार नाही. डबा आगीतला आहे असं भासवायला निघालेला कुणीही लावणार नाही. पण एखादी बाई दुसऱ्याच्या घरी भांडं द्यायला निघाली, तर तिच्याने कळकलेलं भांडं देववत नाही. आधी कल्हई लावून घेईल. आणि ते रिकामंही देणार नाही."

तात्याबा पुढे वाकून ऐकायला लागले.

"ताईने दिला असता तर आत साखरेचा डाग असता," मी म्हणाले. "आत दाणे आहेत. बाजरीचे."

सकाळी गोजाबाईंच्या वाटीत साखर की दाणे, यावरून झालेली खटपट सगळ्यांनी पाहिली होती. तरीही कुणी मावशींकडे वळून बघितलं नाही. बघितलं की ते खरं ठरणार, असं प्रत्येकाला वाटलं असावं.

कर्जतला मागे दुसरं इंजिन लागलं. धक्का बसला, आणि गाडी घाट चढायला लागली. संध्याकाळचे सहा वाजले नव्हते, गाडीतले दिवे लावलेले नव्हते.

"मावशी," मी विचारलं, "जिन्यात अंधार होता. आपण सगळे पहिल्यांदाच आलो होतो. तिसरी पायरी खचलेली आहे, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

त्यांनी तोंड उघडलं, आणि गाडी बोगद्यात शिरली.

५

काळोखात चाकांचा आवाज दुप्पट झाला. त्या आवाजातून मावशींचा आवाज आला, अगदी सपाट.

"त्यो जित्ता हाय."

उजेड आला. मावशी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, तोंड मिटलेलं. समोर तात्याबा. बाहेर दरीतून ढग वर येत होते. वाटलं, भास झाला. मग दुसरा बोगदा आला.

"दुसऱ्या सालाला भात लावायला रावेतला बहिनीकडं गेले हुते. तिनिसांजा बांधावर उभा. मला वाटलं, भूत. म्हनलं, पाय दाव. त्यानं पाय दावलं."

उजेड. लक्ष्मणराव आईकडे पाहत होते. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. मावशी खिडकीच्या फळीकडे पाहत होत्या. उजेडात त्या एक अक्षर बोलणार नाहीत हे आम्हाला कळलं, आणि आम्ही चौघं पुढच्या काळोखाची वाट पाहू लागलो.

"त्या दिशी त्यो कामावर न्हवता. एका बाईकडं हुता. गोदी पेटली तवा दोगं आगगाडीत बसलेली. मागनं कळलं की, त्याचं नाव मेलेल्यांत धरल्यालं हाय. म्हनला, आई, तसंच ऱ्हाऊ दे. तिकडं बेळगावात दुसरं घर हाय. नावबी दुसरं."

उजेड. आडवा पाऊस. खाली कुठेतरी एक धबधबा, आवाज नसलेला.

"डबा का दिला तुझ्याकडे?" लक्ष्मणरावांनी विचारलं. मावशींनी मान हलवली. थांब. बोगदा आला.

"नाव बदललं, डब्यावरचं कसं बदलंल? मोडीत द्यावा तर दुकानदार नाव वाचनार. टाकावा तर कुनाला घावनार. म्हनला, तूच ठेव. कनगीत दान्याखाली ठेवला. धा वर्सं. दर सुगीच्या आदी कनगी रिकामी झाली की मी दुसरी जागा धुंडायची."

हा बोगदा लांब होता. त्या थांबल्या नाहीत.

"त्यानं मला शपथ घातलेली. पर रोज हिचं कुकू बगायची. ही, मानूस आला का म्हनून दाराकडं बगायची, मी चुलीत तोंड घालायची. चैताला बारा वर्सं भरनार, तवा पुतळा करत्याल हे मला ठावं हुतं. ही व्हय म्हननार न्हाई, ह्येबी ठावं हुतं. म्हनून आदीच दापोडीत कल्हई लावली. रावेतला जाते सांगून गाडीत बसले. वाटलं, डबा दिसंल, हिची खात्री पटंल, हिचा ताप संपंल."

"आणि पुतळा?" तात्याबांचा आवाज. मला आधी तो ओळखू आला नाही. "जित्त्या ल्योकाचा पुतळा माज्या हातनं जाळून घेनार हुतीस?"

चाकांच्या खडखडाटातून मावशींचं उत्तर आलं.

"व्हय. भट म्हनतो, नाव दिलं की त्यात मानूस येतो. तिकडं त्याला काय झालं असतं, तर त्ये पाप माजं. मी घ्याया तयार हुते. पर आज त्यो कारकुनाचा पुतळा बगितला आन् त्याच्या जागी माजा ल्योक दिसला."

उजेड आला. मावशींचं तोंड ओलं होतं, पण त्या रडत नव्हत्या. फळीच्या फटीतून येणारा पाऊस त्यांच्यावर उडत होता आणि त्या बाजूला सरकल्या नव्हत्या. तात्याबांनी पागोटं पुन्हा काढलं, हातात फिरवलं, आणि परत डोक्यावर ठेवलं. दोन्हीपैकी काय करायचं असतं ते त्यांना ठरवता येत नव्हतं.

मी ताईकडे पाहिलं. तिला धक्का बसलेला दिसेल अशी माझी अपेक्षा होती. तसं काही नव्हतं. एखादी बेरीज बरोबर आल्यावर माणूस पाटीकडे पाहतो, तशी ती स्वतःच्या हातांकडे पाहत होती.

"त्या सोमवारी त्यांनी लग्नातला कोट नेला होता," ती म्हणाली. "एवढ्या उन्हात. मी म्हटलं, हा कशाला? म्हणाले, साहेबांकडे जायचंय." ती थांबली. "मी कुणाला सांगितलं नाही. एका कोटावरून नवऱ्याला जिवंत कसं ठरवायचं? आणि तो कोट आठवायचा, तर मेला असंही म्हणवेना. पुतळ्याला हो म्हणायला गेले की तो कोट डोळ्यांपुढे यायचा."

"वहिनी..." लक्ष्मणराव म्हणाले.

"पोरी," मावशी म्हणाल्या. उजेडात. "माजं चुकलं. तू शिव्या दे. पर बोल कायतरी."

शेवटचा बोगदा आला. या वेळी काळोखात कुणीही बोललं नाही. मी मनात सेकंद मोजत होते, चौतीस झाले. बाहेर आलो तेव्हा खंडाळ्याचे दिवे धुक्यात दिसायला लागले होते.

ताईने पदर सारखा केला, कपाळावरचं पसरलेलं कुंकू बोटाने पुन्हा गोल केलं, आणि सासऱ्यांकडे सरळ पाहिलं. पंधरा वर्षांत तिने त्यांच्याशी मान वर करून बोललेलं मी पाहिलं नव्हतं.

"मामंजी, पुतळा करायचा नाही," ती म्हणाली. "आत्याबाई पत्ता सांगतील. भाऊजींनी बेळगावला जायचं आणि त्यांना चिंचवडला घेऊन यायचं. मी दिवसाउजेडी, पाच पंचांसमोर, त्यांच्या हातून काडी मोडून घेणार आहे."